साडेत्रेसष्ट अंशांचं आभाळ

मुंबईत घराची चौकशी ठरलेल्या क्रमाने होते. स्टेशनपासून किती लांब, कारपेट किती, पाणी किती वाजता येतं. लग्नाच्या बोलण्यांतसुद्धा 'मुलाची स्वतःची जागा आहे' हे वाक्य त्याच्या शिक्षणाच्या आधी येतं आणि त्यामागोमाग चौरस फूट येतात. माझं बालपण चेंबूरला हाउसिंग बोर्डाच्या वसाहतीत गेलं. चौरस फुटांच्या हिशेबात आम्ही गरीबच. एक खोली, एक स्वयंपाकघर, त्यात सहा माणसं आणि उन्हाळ्यात गावाकडची आणखी दोन-तीन. पण इमारती बुटक्या होत्या आणि दोन इमारतींच्या मधे एवढी जागा होती, की तिथे क्रिकेटही चालायचं आणि कुरडयांची वाळवणंही. दोन्ही एकदम चालली की भांडण. आईचा अर्धा दिवस उन्हाच्या मागे जायचा. सकाळी ते ओट्यावर यायचं, दुपारी गॅलरीत, मग पलंगावर. गाद्या, लोणच्याच्या बरण्या, आजीचे दुखरे गुडघे, सगळं त्या क्रमाने सरकायचं. हे ऊन कुणीतरी ड्रॉइंग बोर्डावर मोजून आम्हाला दिलेलं आहे, असं कधी मनातही आलं नाही. ऊन आकाशातून येतं, सरकारी कचेरीतून नाही, अशीच आमची समजूत.

माझी धाकटी मावशी तेव्हा हार्बर लाइनच्या रुळांलगत राहायची. पत्र्याचं घर, पुढे हातभर ओटा, ओट्यापासून गाडी एवढी जवळ की मोटरमनचा चेहरा ओळखीचा झाला होता. संडास नव्हता. बायका पहाटे अंधारात रुळांच्या कडेने जायच्या. पावसाळ्यात घरात पाणी, उन्हाळ्यात पत्र्याची भट्टी. त्या वस्तीबद्दल हळवं व्हावं असं काहीच नव्हतं आणि मावशी आजही होत नाही.

२००० नंतरच्या काही वर्षांत मुंबई नागरी परिवहन प्रकल्पासाठी रुळांलगतच्या हजारो कुटुंबांना हलवलं गेलं. जागतिक बँकेचं कर्ज होतं. गाड्यांचा वेग वाढवायचा होता आणि लोक रुळांना चिकटून राहत असताना तो वाढणं शक्य नव्हतं. मावशी 'प्रकल्पग्रस्त' झाली. पत्रं निघाली, फोटो निघाले, यादीत नाव लागलं आणि गोवंडी-मानखुर्दकडच्या एका पुनर्वसन वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर २२५ चौरस फुटांची खोली तिच्या नावावर झाली. स्वतःचा दरवाजा, स्वतःचा नळ, स्वतःचा संडास. चावी मिळाली त्या दिवशी तिने सगळ्या नातेवाइकांना पेढे पाठवले. मावशीच्या वस्तीने सोडलेल्या रुळांलगतून मी वर्षानुवर्षं ऑफिसला गेले आहे, आणि गाडी वेळेवर आली की त्यात मावशीच्या खोलीचाही काही वाटा आहे हे मला ठाऊक असतं.

त्या घरात भर दुपारीही ट्यूबलाइट लागते. पाहुणे आले म्हणून नाही. ती सकाळी लागते आणि रात्री झोपताना बंद होते. खिडकी आहे, चांगली मोठी, सरकत्या काचांची. समोर तीन मीटरवर दुसऱ्या इमारतीची तशीच खिडकी आहे आणि त्या घरातली बाई कुठली भाजी चिरते आहे हे मावशीला दिसतं. खाली पाहिलं की दोन इमारतींमधली घरगल्ली. महापालिकेच्या भाषेत ती सफाईसाठी सोडलेली जागा आहे. प्रत्यक्षात वरच्या सात मजल्यांचा कचरा तिथे पडतो. कचरा खाली नेण्याचा जिना लांब, लिफ्ट बंद, मोठी कुंडी वसाहतीच्या दुसऱ्या टोकाला. त्यामुळे पिशवी खिडकीतून सुटते. मग घुशी येतात, डास येतात, सांडपाण्याच्या फुटक्या पाइपची धार येते, आणि खालच्या मजल्यांवरची माणसं खिडकी बंद करून टाकतात. कायमची. बाहेरून प्लॅस्टिकचा कागद, आतून पडदा.

नकाशात खिडकी आहे, खिडकीचं क्षेत्रफळ नियमात बसतं. अधिकारी येऊन तपासून गेला तर त्याला दोष काढता येणार नाही. पण खिडकी उघडता येते की नाही, हा रकाना कुठल्याच फॉर्मवर नसतो.

वसाहतीत येऊन काही वर्षं झाली आणि मावशीच्या धाकट्याला, माझ्या मावसभावाला, संध्याकाळचा ताप येऊ लागला. बावीस-तेविशीचा मुलगा, कुरिअरच्या कामाला जाणारा. खोकला आहे म्हणून नाक्यावरच्या डॉक्टरने बाटली दिली, मग दुसरी बाटली, मग अँटिबायोटिकचा कोर्स. कोर्सने चार दिवस बरं वाटलं. पट्ट्याला दोन भोकं जास्तीची पाडून तो घट्ट करायची वेळ आली तेव्हा शेजारच्या बाईने मावशीला जिन्यात गाठलं आणि हळू आवाजात सांगितलं, ''पालिकेच्या दवाखान्यात ने. आमच्या ह्यांचंही असंच सुरू झालं होतं.'' तिसऱ्या मजल्यावरच्या एका मुलीचंही असंच होतं, हे मावशीला त्यानंतर कळलं. पहिल्या मजल्यावर एका घरात दोघं होते. सगळे औषध घेत होते आणि कुणी कुणाला सांगत नव्हतं, कारण प्रत्येक घरात एक लग्नाची मुलगी किंवा मुलगा होता.

बेडक्याची तपासणी झाली, जनुकीय यंत्रावर रिपोर्ट निघाला. साधा टीबी, औषधाला दाद देणारा. आमच्या घरात त्या दिवशी 'साधा' हा शब्द दिलासा म्हणून वापरला गेला, कारण मुंबईत दुसऱ्या प्रकाराची दहशत मोठी आहे. २०१२ च्या सुरुवातीला हिंदुजा रुग्णालयाच्या डॉ. झरीर उदवाडियांनी हाताशी असलेल्या कुठल्याच औषधाला न जुमानणाऱ्या क्षयाचे रुग्ण नोंदवले आणि जगभर खळबळ उडाली. त्याच वर्षी टीबीच्या रुग्णाची सरकारदरबारी नोंद करणं सक्तीचं झालं. मुंबईत आता वर्षाला साठ हजारांच्या आसपास रुग्ण नोंदवले जातात.

सहा महिने गोळ्या. पहिल्या दिवशी लघवी केशरी झाली तेव्हा तो घाबरला, रक्त आहे असं त्याला वाटलं. आरोग्य सेविका हसली आणि म्हणाली, ''गोळी पोटात गेल्याची पावती आहे ती. नाही झाली तर मला सांगायला ये.'' ती बाई दर आठवड्याला दुसऱ्या मजल्यापर्यंत चढून यायची, पाकिटावरच्या रिकाम्या घरांकडे बोट करून मोजायची आणि खाली जायची. तिच्या पगारवाढीचा मोर्चा कुठे असला तर मी मनाने तिच्या बाजूला असते.

तो बरा झाला. पण मी त्या काळात वाचायला लागले आणि वाचताना जे हाती लागलं त्याने जास्त अस्वस्थ केलं.

'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने आयआयटी मुंबईच्या अभ्यासकांना बरोबर घेऊन एम पूर्व, म्हणजे गोवंडी-मानखुर्दकडच्या महापालिका विभागातल्या तीन वसाहतींचा अभ्यास केला. २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. लल्लुभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी. चार हजारांहून जास्त घरं पाहिली. आधीच्या दोन वसाहतींत साधारण दहा घरांमागे एका घरात टीबीचा रुग्ण सापडला. पीएमजी कॉलनीत शंभरामागे एका. तिन्ही वसाहती एकाच भागातल्या, माणसं बहुतेक एकाच परिस्थितीतली, कचऱ्याचं देवनार तिघांनाही जवळच. फरक मुख्यतः इमारती किती उंच आणि एकमेकींपासून किती लांब आहेत, यात. आधीच्या दोघींत तळमजला अधिक सात, मधे तीन मीटर. अभ्यासकांनी संगणकावर इमारती उभ्या करून कुठल्या खोलीतून किती आभाळ दिसतं, वारा कसा फिरतो, दिवसा किती उजेड येतो हे काढलं. जिथे आभाळ कमी तिथे रुग्ण जास्त. खालचे मजले वाईट, वरचे बरे. अभ्यासाला पैसे दिले होते ते महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्याच पर्यावरण सोसायटीने, ही त्यातली मानाची गोष्ट. तेवढं श्रेय द्यायला हवं.

त्यामागचं विज्ञान अवघड नाही. टीबी हवेतून जातो. रुग्ण खोकतो, बोलतो, तेव्हा सूक्ष्म तुषार बाहेर पडतात. पाणी उडून गेलं की उरलेले कण इतके हलके असतात की बंद खोलीत तासन् तास तरंगत राहतात. खोलीतली हवा तासाला किती वेळा बदलते यावर पुढचं सगळं ठरतं. पेरूची राजधानी लिमा इथल्या रुग्णालयांमध्ये एक अभ्यास झाला होता, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला. उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या वॉर्डांत नुसती दारं-खिडक्या उघडी ठेवली तर हवा यंत्राने खेळवलेल्या नव्या खोल्यांपेक्षा दुपटीहून जास्त वेगाने बदलते, असं त्यात दिसलं. शिवाय थेट ऊन हे जंतूच मारतं. ज्या रॉबर्ट कॉखने १८८२ मध्ये हा जिवाणू शोधला, त्यानेच पुढे उन्हाचा परिणामही नोंदवला. जंतू शरीरात शिरलेल्या प्रत्येकाला आजार होत नाही. दहातल्या नऊ जणांत तो जन्मभर गुपचूप बसून राहतो. पण त्याला बाहेर यायला उपास, मधुमेह, तंबाखू यांची मदत होते, आणि गोवंडीत त्या तिन्हींची वानवा नाही.

हे सगळं आजच कळलं असतं तर मी कुणाला बोल लावला नसता. खरी मिरची लागली ती पुढच्या वाचनात.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवीला डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेग ओळखला. शहर निम्मंअर्धं पळालं, व्यापार बसला, आणि मग सरकारला गरिबांच्या घरांची आठवण झाली. १८९८ मध्ये सिटी ऑफ बॉम्बे इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. रोग अंधाऱ्या, दमट खोल्यांतून उपजतो अशी त्यांची समजूत. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, म्हणजे निदान चुकलंच होतं. पण चुकीच्या निदानातून निघालेला उपाय दुसऱ्याच एका आजारावर नेमका लागू पडला. ट्रस्टचे चेअरमन जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये मुंबईच्या घरांतला उजेड आणि हवा या विषयावर व्याख्यान दिलं, आणि ट्रस्ट एका कोनाचा आग्रह धरत राहिला. साडेत्रेसष्ट अंश. लंडनच्या १८९४ च्या इमारत कायद्यातही हाच आकडा आहे. राहत्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशांत वर एक रेघ काढायची, आणि समोरच्या इमारतीचा कुठलाही भाग त्या रेघेच्या वर डोकावता कामा नये. शाळेतलं भूमितीचं पुस्तक ज्यांना आठवतं त्यांना कळेल, या कोनाचा टँजंट दोन येतो. म्हणजे समोरची इमारत जेवढी उंच, तिच्या निम्मी जागा मधे मोकळी. बस. एवढाच नियम, सुतारालाही गुण्याने मोजता येईल असा.

मी वहीवर हिशेब केला. तळमजला अधिक सात म्हणजे उंची साधारण चोवीस मीटर धरू. ऑरच्या नियमाने मधे बारा मीटर हवेत. आहेत तीन. तळमजल्यावरून समोरच्या गच्चीकडे रेघ ओढली तर कोन निघतो त्र्याऐंशी अंशांचा. भिंतीच्या पायथ्याशी उभं राहून मान पूर्ण मागे टाकली तरच आभाळाची चीर दिसेल. गोऱ्या साहेबाने शंभर वर्षांपूर्वी जे परकी सरकारच्या वतीने लिहून ठेवलं, त्याच्या एक चतुर्थांश जागा आपल्या लोकशाहीने मावशीला दिली.

ट्रस्ट काही पुण्यात्मा नव्हता. त्याने पाडलेल्या खोल्या सुरुवातीच्या वर्षांत बांधलेल्या खोल्यांपेक्षा जास्त होत्या, हाकललेली माणसं शेजारच्या चाळींत घुसली आणि तिथली गर्दी वाढली. जमीनमालकांना भरपाई भरघोस, भाडेकरूंना बोळवण. आजचंही वाचल्यासारखं वाटतं. पण त्याच ट्रस्टने शहराच्या उत्तरेला दादर, माटुंगा, शीव आखलं, रस्ते रुंद ठेवले, प्लॉटवर किती बांधायचं आणि किती मोकळं ठेवायचं हे ठरवलं. मुंबईचं पहिलं नियोजित उपनगर ते. आज हिंदू कॉलनीत भाव विचारायलाही छाती लागते आणि एजंट झाडांची नावं घेऊन दर सांगतो. सावली, झुळूक, गॅलरीतलं ऊन हे सगळं तिथे शंभर वर्षांपूर्वीच्या एका आरोग्य-नियमाचं व्याज आहे, आणि ते खाणारे आपण मध्यमवर्गीय आहोत.

मग गाडी कुठे घसरली? माझं मत असं, की आपण घर चौरस फुटांत मोजायला लागलो तिथे. चौरस फूट विकता येतात. १९९५ च्या डिसेंबरात झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आलं. झोपडीवासीयाला फुकट घर आणि ते बांधणाऱ्या विकासकाला विक्रीसाठी जादा चटईक्षेत्र, म्हणजे जास्तीचं बांधकाम करायची परवानगी, किंवा ती दुसरीकडे वापरण्याचा, विकण्याचा हक्क, असा सौदा. मूळ कल्पनेत राक्षसी काही नाही. सरकारकडे पैसा नव्हता, जमिनीला भाव होता. पण सौद्याच्या आत एक कलम आहे जे वाचून मी पुन्हा चष्मा पुसला. पुनर्वसनाच्या प्लॉटवर हेक्टरी ५०० घरांची घनता. कमाल नाही, किमान. नंतर ती किमान मर्यादा ६५० वर गेली. गर्दी किती होऊ द्यायची याची एरवी वरची रेघ आखतात, आपण खालची आखली. त्यापेक्षा विरळ बांधलं तर उरलेली घरं बांधून ती प्रकल्पग्रस्तांसाठी सरकारला द्यायची. मावशीसारख्यांसाठी लागणारी घरं अशा खाणीतूनही निघतात. इमारतीभोवती किती जागा सोडायची याचे जे नियम माझ्या-तुमच्या सोसायटीला लागतात, त्यांतही पुनर्वसनाच्या इमारतींना सूट दिली गेली. योजना आर्थिक दृष्ट्या परवडली पाहिजे म्हणून.

घराचा आकार मात्र वाढत गेला, कारण तो निवडणुकीच्या भाषणात सांगता येतो. २२५ चे २६९ झाले, मग ३००. दर वेळी टाळ्या. दोन इमारतींमधलं अंतर वाढवू, असं आश्वासन देऊन टाळ्या मिळवणारा नेता मी पाहिलेला नाही. त्याला दोष देऊन उपयोग नाही म्हणा. श्रोतेही आपणच.

मावशीशी मी हे सगळं एकदा बोलले. वही घेऊनच गेले होते, कोन दाखवायला. तिने चहा ठेवता ठेवता ऐकलं.

''तुझं झालं का बोलून?'' ती म्हणाली. ''आता मी सांगते. तुझ्या बहिणीला, माझ्या पोरीला, बारा वर्षांची होती तेव्हा रुळावर संडासला जाताना एकाने हात धरला होता. मी दगड मारला म्हणून सुटली. त्यानंतर मी तिला एकटीला कधी सोडलं नाही. रोज पहाटे चारला उठून तिच्याबरोबर जायचे. इथे आल्यावर पहिल्या रात्री मी सकाळी सातपर्यंत झोपले. तुझं आभाळ कितीही मोठं असू दे.''

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही पूर्ण नाही. पुनर्वसन म्हणजे फसवणूक, असं लिहिणाऱ्यांमध्ये मला बसता येत नाही ते मावशीमुळे. दाराला आतून कडी असणं ही आरोग्याचीच गोष्ट आहे आणि ती बायकांना पुरुषांपेक्षा लवकर कळते. पण कडी आणि ऊन यांतलं एकच मिळेल, हे कुणी ठरवलं? तो पर्याय मावशीने निवडला नव्हता. तिला खोली ठरवणारी लॉटरीची चिठ्ठी मिळाली होती.

या चिठ्ठीचाही एक पेच आहे. लिफ्ट बंद असते. देखभालीचा खर्च सोसायटीने करायचा, आणि ज्यांना झोपडीत पाणीपट्टी-वीजबिलापलीकडे काही भरावं लागत नव्हतं, त्यांच्याकडून महिन्याला वर्गणी काढणं कसं जमतं ते कुठल्याही सेक्रेटरीला विचारा. मग म्हातारे, अपंग, दम्याचे, नुकत्याच उठलेल्या बाळंतिणी यांना खालचे मजले द्यावेत, अशी विनंती होते, आणि ती मानली जाते. विनंती रास्तच आहे. परिणाम असा, की सगळ्यात दुबळी फुप्फुसं सगळ्यात अंधाऱ्या खोल्यांत जाऊन बसतात. यात कुणी वाईट वागलेलं नाही. प्रत्येकाने आपापल्या जागी शहाणपणाचंच केलं आणि बेरीज ही आली.

२०२० च्या जुलैत महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी शहराच्या तीन विभागांत रक्ताची पाहणी केली. त्यातला एक आमचा चेंबूरचा एम पश्चिम. वस्त्यांमध्ये ५७ टक्के लोकांच्या रक्तात करोनाची प्रतिपिंडं सापडली, वस्त्यांबाहेर १६ टक्के. लॉकडाऊन सगळ्यांना सारखाच होता. टीव्हीवर 'घरातच राहा' सांगत होते आणि मावशीच्या मजल्यावर जिन्यात बसायला नंबर लागत होते, कारण बसण्यासारखी हवा तिथेच होती.

औषधाच्या बाजूने देशात बरंच घडलं आहे, ते नाकारणं कोतेपणाचं होईल. तपासणी फुकट, गोळ्या फुकट. २०१८ पासून रुग्णाला आहारासाठी महिना ५०० रुपये खात्यात येऊ लागले, २०२४ च्या नोव्हेंबरपासून ते हजार झाले. झारखंडमध्ये डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या चमूने दाखवून दिलं, की रुग्णाच्या घरच्यांना नीट शिधा दिला तर त्यांच्यात नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ ते ४८ टक्क्यांनी खाली येतं. तांदूळ, डाळ. लस नाही, नवं औषध नाही. हे वाचून मला आशा वाटते आणि थोडा रागही येतो, कारण हजार रुपयांत मावशीच्या भागात चौघांच्या घरी डाळ किती दिवस पुरते हे सगळ्यांना ठाऊक आहे. आणि डाळीने ताकद आली तरी रात्री सहा जण त्याच बंद खिडकीशी झोपणार. टीबीच्या कार्यक्रमाकडे इमारतीचं काही चालत नाही. तो आरोग्य खात्याचा. इमारत गृहनिर्माणची. घरगल्ली घनकचऱ्याची. फुटका पाइप मलनिःसारणाचा की सोसायटीचा, यावर वाद. बेडक्याचा रिपोर्ट या चार टेबलांपैकी एकाच टेबलावर जातो.

विभागाची अवस्था कुणापासून लपलेली नाही. २००९ च्या मुंबई मानवी विकास अहवालात एम पूर्व सगळ्यात तळाला होता. १९२७ पासून शहराचा कचरा देवनारला येतो आणि २०१६ च्या जानेवारीत तिथे आग लागली तेव्हा धुराने शाळा बंद ठेवाव्या लागल्या, त्या वेळी दक्षिण मुंबईलाही देवनार कुठे आहे ते समजलं. नको ते इथे आणायचं ही या शहराची जुनी सवय. कचरा आला, कत्तलखाना आला, मग माणसं आली. शेजारच्या माहुलला तानसा जलवाहिनीलगतच्या कुटुंबांना तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या कुशीत घरं दिली. तिथली हवा राहण्याजोगी नाही म्हणून लोक कोर्टात गेले, आणि २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना दुसरीकडे भाड्याने राहण्यासाठी महिना १५ हजार द्यायला सांगितले. बांधलेली घरं, त्यांचा खर्च, आणि वर ती सोडण्यासाठी भाडं. हे अर्थशास्त्र परवडलं म्हणायचं का? २०२४ मध्ये सरकारने धारावीतल्या अपात्र ठरणाऱ्यांच्या घरांसाठी देवनार क्षेपणभूमीची १२४ एकर जागा द्यायचं ठरवलं. कचरा उपसून मग बांधणार आहेत. तिथे प्रत्येक खोली किती फुटांची असेल यावर चर्चा झडतील. त्या इमारतींचा उभा छेद, म्हणजे उंची आणि मधलं अंतर दाखवणारा नकाशा, कुणी मागितला आणि वर्तमानपत्रात छापला, तर कोनमापक घेऊन बसायला मी तयार आहे.

मावसभावाचं आता लग्न ठरलं आहे. मुलीच्या घरच्यांना त्याने टीबीचं आधीच सांगितलं, मावशीचा विरोध असताना. मुलीचा बाप म्हणाला, ''आमच्याकडे दोघांना होऊन गेला, पुढचं बोला.'' २२५ फुटांत दोन संसार मावत नाहीत म्हणून तो भाड्याने जागा बघतो आहे. उलवे बघितलं, दिवा बघितलं, नालासोपाऱ्यात डिपॉझिट परवडत होतं पण कामाला येऊन-जाऊन चार तास. शेवटी त्याच वसाहतीत, मागच्या इमारतीत सातव्या मजल्यावर एक खोली निघाली. लिफ्ट बंद, पाणी वरपर्यंत चढत नाही, पावसाळ्यात स्लॅब गळतो, म्हणून दुसऱ्या मजल्यापेक्षा भाडं दीड हजाराने कमी आहे. एजंट दोनदा म्हणाला, ''दादा, थोडे वाढवून खालची घ्या, बायकोला त्रास होईल.'' याने खिडकी उघडून पाहिली आणि टोकन देऊन आला. मावशी त्याच्यावर चिडली आहे. सिलिंडर सात मजले कोण वाहणार, हे तिचं म्हणणं, आणि नवी सून काय म्हणेल ते अजून कुणी विचारलेलं नाही.